मिठाचा हात

१४ जानेवारी

प्रिय दादा,

फोनच करणार होते. पण आपला फोन दुकानात, गल्ल्याशेजारी, आणि बाबा त्याच्यापासून दोन हातांवर. शिवाय लिफ्टदुरुस्तीच्या कामात खड्ड्यात उभं राहून मोठ्यानं बोलायची तुला सवय, त्यामुळे तुझं बोलणं अख्ख्या दुकानाला ऐकू येतं. म्हणून पत्र.

माझ्या दुखण्याला शेवटी नाव मिळालं. सीलिअॅक. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून नळी घालून आतड्याचा कण काढला आणि तपासून घेतला. गव्हात ग्लुटेन नावाचं एक चिकट द्रव्य असतं. आपली कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्यामुळे. तेच माझ्या आतड्याला सोसत नाही. आतलं अस्तर झिजून सपाट झालंय, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त वाढत नाही, तोंड सारखं येतं. दोन वर्षं तू मला "काय गं, फिगर सांभाळतेस का" म्हणून चिडवलंस, त्याचं उत्तर हे. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आणि जव बंद, जन्मभर. कणभरसुद्धा चालणार नाही म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, घरी काय व्यवसाय? मी म्हटलं, बेकरी. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला हसू आलं आणि मग थांबेचना. त्यांनी पाणी दिलं तेव्हा कळलं की मी रडतेय.

बाबांना सांगितलं तर तीनदा विचारलं, "पावानं?" मग म्हणाले, "तुझ्या आईनं तुला दुधात पाव कुस्करून वाढवलंय." जणू मी आईवरच आळ घेतला होता. मग भट्टीकडे निघून गेले. 

आता असं ठरलंय की मी पुढे गल्ल्यावर बसायचं, आणि मागची पिठाची खोली बाबांनी आणि भट्टीवाल्या मामांनी बघायची. तोंडाला फडकं बांधायचं. वरच्या मजल्यावर, आपल्या स्वयंपाकघरात, माझी भांडी वेगळी. भात, बटाटे, अंडी, मका, डाळी. उपाशी मरणार नाही, काळजी करू नकोस. फक्त खालून पाव भाजल्याचा वास येतो तेव्हा खिडकी लावून घेते.

तुझी,
बारकी

२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र वाचून दिवसभर डोकं कामात नव्हतं. माझ्या हाताखालच्याने विचारलं, साहेब, केबल तुटली का? म्हटलं, नाही रे, घरचं काहीतरी तुटलंय.

चिडवायचो त्याबद्दल कान धरतो. इथे माझ्या वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहतात, त्यांना हेच आहे, बारा-पंधरा वर्षं झाली. मी जाऊन बसलो त्यांच्याकडे. आता त्यांनी सांगितलेलं ऐक आणि हसू नकोस. चाळणी नवी घे, जुन्या चाळणीच्या जाळीत पीठ राहतं. लाकडी पोळपाट, लाकडी चमचे, काही वापरू नकोस, लाकूड पीठ पितं. तयार मसाल्याच्या पुड्या, सूपची पाकिटं, सॉस, सगळ्याच्या मागची बारीक अक्षरं वाच. हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ मिसळतात म्हणे. मला हे पटायला वेळ लागला, पण बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. वर्षभरात सगळं ताळ्यावर येतं, गाल भरतात, असं त्या म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे चांगलेच भरलेत.

पार्सलमध्ये तांदळाच्या पिठाची बिस्किटं पाठवतोय. एक खाऊन बघितलं. पुठ्ठा जरा बरा लागतो. पण चहात बुडवली तर खपतात.

बाबांचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना राग आला की ते भट्टीत लाकडं घालतात, हे तुला नवीन आहे का? मला फक्त एवढंच सांग, तू पिठाच्या खोलीत जात नाहीस ना?

दादा

२१ मार्च

प्रिय दादा,

बिस्किटं मिळाली. पुठ्ठ्याचा अपमान करू नकोस.

तुझ्या शिंपीणबाईंचं सगळं ऐकलं. नवी चाळणी, स्टीलचे चमचे, माझ्या फळीला लाल चिकटपट्टी. भट्टीवाले मामा वर चहाला आले की ती पट्टी बघून हात मागे घेतात. मी म्हटलं, मामा, मला संसर्ग नाही, तुम्हाला काही होणार नाही. ते म्हणाले, "नाही गं, माझ्या हाताचं तुला होईल." त्यांच्या नखांत कायम पीठ. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं.

मागच्या आठवड्यात आत्याच्या नातीचा वाढदिवस होता. मी डबा घेऊन गेले. आत्या म्हणाली, "एवढ्याशा केकनं काय होतंय? आमच्या वेळी नव्हते हो असले आजार." मग सगळे माझ्या डब्यात डोकावून गेले, अरेरे म्हणाले आणि केक खायला लागले. कुणी वाईट वागलं नाही, दादा, सगळे गोडच बोलले. पण सगळ्यांच्या ताटात एक आणि आपल्या डब्यात दुसरं असलं की आपण पाहुणे होतो, स्वतःच्या माणसांतसुद्धा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आता कुणी बोलावलं की मी सांगते, दुकान आहे, जमणार नाही.

वजन अजून वाढलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळ लागतो. बाबा बरे आहेत. पावाचा खप चांगला आहे, परवा शाळेच्या मुख्याध्यापकीणबाई मुद्दाम आत येऊन बाबांना सांगून गेल्या की इतकी वर्षं झाली तरी चवीत तसूभर फरक नाही. बाबा वर आले ते शीळ घालत.

पिठाच्या खोलीत मी जात नाही. सकाळी जरा वेळ डोकावते, एवढंच. तोंडाला फडकं असतं.

तुझी,
बारकी

९ एप्रिल

प्रिय बारके,

"सकाळी जरा वेळ डोकावते" म्हणजे काय? कशाला डोकावायचं? तिथे काय सिनेमा लागलाय?

बाई गं, मी लिफ्टचं काम करतो. "जरासं" हा शब्द मला झोपू देत नाही. दार जरासं उघडं राहतं, केबल जराशी झिजते. मामांना आणि बाबांना पीठ मळता येतं, तुझ्या जन्माच्या आधीपासून येतं. तू पुढेच बस.

शिंपीणबाई विचारत होत्या, तोंड येणं थांबलं का? त्यांचं तीन महिन्यांत थांबलं होतं. लिही.

दादा

१७ ऑगस्ट

प्रिय दादा,

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

रक्त पुन्हा तपासलं. आजाराचा आकडा उतरलेला नाही, उलट चढलाय. वजन आणखी गेलं. जिना चढताना मधे बसावं लागतं. केस विंचरले की फणी भरते. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "खरं सांगा, चोरून खाता का?" मी नाही म्हटलं. त्यांनी जुना कागद नव्याशेजारी ठेवून बघितला. मग म्हणाल्या, तुम्ही खरं बोलत असाल तर ते जास्त वाईट आहे. काही जणांचं आतडं गहू सोडूनही भरून येत नाही. तसं असेल तर दवाखान्यात ठेवून जालीम औषधं द्यावी लागतात, आणि तीही लागू पडली नाहीत तर पुढे कर्करोगाची भीती असते. अजून तीन महिने बघू म्हणाल्या.

मी शपथेवर सांगते दादा, जानेवारीपासून माझ्या पोटात गव्हाचा एक घास गेलेला नाही.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. रक्त कमी आहे, एवढंच सांगितलंय. ते रोज एक डाळिंब आणून ठेवतात.

बारकी

३० ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "गहू आत जातोय." इतक्या वर्षांचा अनुभव आहे त्यांचा.

आता मी स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ दे. तू खातेस. रोज नसशील, पण कडेचा कुरकुरीत तुकडा, तुटलेलं टोक, काहीतरी तोंडात जातंय. लहानपणी गरम पावाची टोकं कोण पळवायचं हे मला माहीत आहे. म्हणूनच सकाळची ती "डोकावणी" चालू आहे. अगं, तुला मरायचंय का? पावाच्या तुकड्यासाठी? आई गेली तेव्हा तू लहान होतीस, बाबांचं काय झालं होतं ते मी पाहिलंय. ते दुसऱ्यांदा बघायची माझी तयारी नाही आणि बाबांची तर मुळीच नाही.

डॉक्टरांपासून लपवलंस, ठीक. माझ्यापासून लपवू नकोस. नाहीतर मी रजा टाकून तिथे येऊन बसेन आणि तुझ्या तोंडाला कुलूप लावेन.

दादा

१२ सप्टेंबर

दादा,

तुझ्या पत्राचे दोन तुकडे केले होते. मग जोडून पुन्हा वाचलं. तुला राग यावा हे बरोबर आहे, पण कारण चुकलं. मला हाव असती तर किती सोपं झालं असतं.

आता सांगते, पण आधी कबूल कर की हे तुझ्या-माझ्यात राहील.

बाबांना चव कळत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना तो लांबलेला ताप आला होता ना, तेव्हापासून. चव गेली आणि वासही गेला. त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मला कळलं ते आमटीवरून. मी मीठच विसरले होते आणि ते म्हणाले, छान झालीय. मग मी लक्ष ठेवायला लागले. ते माझ्या तोंडाकडे बघतात, मी खाल्लं की मग म्हणतात, छान झालंय.

तुला आपली पद्धत माहीत आहे. मीठ वजनानं नाही, मुठीनं. आणि मग लाकडी काथवटीतल्या कणकेचा चिमटा जिभेवर. बाबांचं ठरलेलं वाक्य, "काटा खोटं बोलेल, जीभ बोलणार नाही." आता जीभ नाही, तर बाबा नुसत्या मुठीवर चालवतात. जिभेवर चिमटा अजून ठेवतात, मामांना दिसावं म्हणून. त्यांना वाटतं, हात अजून शाबूत आहे, जीभ गेली तर गेली. पण हात शाबूत नाही, दादा. कधी मूठ भरगच्च, कधी अर्धी रिकामी. तापानंतर पहिल्यांदा दुकान उघडलं त्या आठवड्यात पाव परत आले होते, खारट म्हणून. बाबा मीठवाल्याशी भांडले. मग जेवले नाहीत, आणि रात्रभर बसून होते खुर्चीत. भांडण मीठवाल्याशी नव्हतं हे मला तेव्हा नीट कळलं.

त्या दिवसापासून मी सकाळी आत जाते. बाबा भट्टीकडे वळले की चिमटा तोंडात ठेवते. कमी असेल तर मीठ, जास्त असेल तर आणखी पीठ-पाणी. मग थुंकते आणि चूळ भरते. आजार कळल्यावरही हेच चालू ठेवलं. गिळत मी कधीच नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाता का? याला काय खाणं म्हणतात?

काटा आणून बघितला होता. त्यांनी तो रद्दीच्या कपाटात ठेवला. मामांना सांगू म्हटलं, तर मामांच्या पोटात काही राहत नाही. आणि तुला वाटतं तसं हे पावासाठी नाही. त्यांच्याकडे आता एवढंच आहे, की त्यांचा हात कधी चुकला नाही. मुख्याध्यापकीणबाई बोलून गेल्या तेव्हा त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास.

मी चूळ आणखी नीट भरेन. पण बाबांना काही कळू देऊ नकोस. तुला आईची शपथ.

बारकी

२३ सप्टेंबर

ती. बाबांना नमस्कार,

मी तुम्हाला कधी फारसं पत्र लिहीत नाही, त्यामुळे पाकीट बघूनच तुम्हाला काळजी वाटली असेल. ती खरी आहे. बारकीनं मला शपथ घातली होती, ती मोडून लिहितोय. आमच्या कामात बिघाड सापडला की तो सांगायचा असतो, मग कुणाला काही वाटो.

बारकीला रक्त कमी असण्यापेक्षा पुष्कळ जास्त झालंय. तिचं आतडं भरून येत नाही. असंच चाललं तर पुढे कर्करोगही होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणतात. आणि ते भरून येत नाही कारण ती रोज सकाळी तुमची कणीक चाखते. तुम्हाला चव कळत नाही हे तिला पहिल्यापासून माहीत आहे. मीठ कमी-जास्त झालेलं ती तुमच्यामागे सुधारते आणि थुंकून टाकते. थुंकली तरी कण आत जातातच.

बाबा, यात कमीपणा काहीच नाही. तापानं कुणाचंही होतं. तुम्ही फक्त वजनकाटा वापरायला लागा, मामांना चाखायला सांगा आणि तिला त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका. एवढं केलं की सगळं सुरळीत होईल.

तुमचा,
मोठा

१० ऑक्टोबर

चि. मोठ्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लिहिलंस ते बरं केलंस.

मी तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मीठ घातलं आणि भट्टीकडे वळलो. भट्टीच्या वरच्या काचेत मागचं दिसतं. तिनं फडकं खाली केलं, चाखलं, डोळे मिटले. मग मीठ घातलं. एक चिमूट नाही, अर्धी मूठ. मग मोरीत थुंकली आणि पोट धरून भिंतीला टेकून उभी राहिली. मी वळायच्या आत फडकं पुन्हा वर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही पाहिलं. त्या दिवशी तिला पीठ घालावं लागलं.

दोन वर्षं मी समजत होतो की जीभ गेली पण हात राहिला. लोक वाहवा करत होते, मी ती घेत होतो. पाव तिचा होता.

कपाटातला काटा काढता आला असता. पण तो काढला असता तर मला कळलं हे तिला कळलं असतं. आणि मी डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, घराच्या खालीच पीठ उडतंय, ते आधी बंद व्हायला हवं. मग राहिलं काय?

भट्टी विझवली. तुझ्या जन्माआधी पेटवली होती. मामांना पलीकडच्या रस्त्यावरच्या बेकरीत लावून दिलं. काथवट त्यांनाच दिली. खोली चुन्यानं धुऊन घेतली. दुकान इस्त्रीवाल्याला दिलं आहे. तिला सांगितलं, गुडघे उभं राहू देत नाहीत, आता पुरे.

ती पुष्कळ भांडली. मी गुडघे चोळत बसलो.

तुला एकच सांगतो. मला माहीत आहे हे तिला कधीही कळू द्यायचं नाही. मी मेल्यावरसुद्धा. तिनं हे माझ्यासाठी दोन वर्षं पोट जाळून केलं आहे. ते फुकट गेलं असं तिला वाटता कामा नये. माझी शपथ मोडू नकोस. तिची मोडलीस ती पुरे.

बाबा

८ एप्रिल

प्रिय दादा,

किती महिन्यांनी लिहितेय. रागावले होते, तुझ्यावर नाही, सगळ्यांवरच.

आधी चांगली बातमी. काल रक्ताचा निकाल आला. आकडा बराच उतरलाय. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. पाच किलो वजन वाढलंय, जिना एका दमात चढते, तोंड आलेलं नाही. तुझ्या शिंपीणबाई खऱ्या ठरल्या. माझा चिमटाच नडत होता, आता मला ते मान्य आहे. भट्टी बंद झाली आणि मी बरी झाले, इतकं सरळ आहे ते.

बाबा बरे नाहीत. तब्येत ठीक आहे, पण बरे नाहीत. पहाटे उठतात, कपडे करतात आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहतात. खाली इस्त्रीवाला कुलूप उघडेपर्यंत. मग आत येऊन पडतात. गुडघ्यांना तेल लावू का विचारलं तर म्हणतात, नको, दुखत नाहीत. मामा एकदा पलीकडच्या बेकरीतला पाव घेऊन आले, तर दारातूनच त्यांना परत पाठवलं, हिच्या घरात पीठ नको म्हणून. नंतर खोलीचं दार लावून घेतलं होतं. जेवतात, मी देईन ते, माझ्याच फळीवरचं. "छान झालंय" म्हणायचं मात्र सोडलंय. 

मला आधी फार राग आला होता. इतकं सगळं मी सोसलं ते दुकान चालावं म्हणून, आणि यांनी गुडघ्यांपायी एका सकाळी विझवून टाकलं, मला न विचारता. वाटलं, कशासाठी केलं मी हे? पण आता वेगळं वाटतं. त्या जिन्यावर ते बसलेले असतात तेव्हा मी मागून बघते आणि मनात म्हणते, बाबांचं सगळं गेलं, पण एक गोष्ट त्यांच्याजवळ राहिली. त्यांचा हात शेवटच्या दिवसापर्यंत चुकला नाही असं त्यांना वाटतंय. ते मी त्यांना दिलं, दादा. त्याच्यावरच मी उभी आहे हल्ली.

तू शपथ पाळलीस म्हणून हे झालं. मधे एकदा मनात आलं होतं, भट्टी विझली ती तू त्यांना काही कळवल्यावर तर नाही? मग स्वतःचीच लाज वाटली. तरी विचारते, एकदाच. तू त्यांना काही लिहिलं नाहीस ना?

तुझी,
बारकी

१९ एप्रिल

प्रिय बारके,

निकाल वाचला आणि वरच्या मजल्यावर जाऊन शिंपीणबाईंना सांगितला. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, बातमी चांगली आहे ना, मग असं का करताय?

पुढच्या महिन्यात मी येतो, चांगला महिनाभर राहायला. पहाटे बाबांच्या शेजारी पायरीवर बसेन.

तू विचारलंस त्याचं उत्तर. नाही, मी त्यांना काहीही लिहिलं नाही. गुडघेच होते ते.

पोटभर जेवत जा.

दादा